वळणावरचा उजेड आणि खिशातला सेल

मी क्वालिटीत आहे. चाकणच्या एका कंपनीत दिवसभर पार्ट मोजायचे आणि मापात नसेल ते परत पाठवायचं, हे माझं काम. भुताखेतांचा विषय निघाला की चेष्टा करून उठून जाणारा मी माणूस. हे लिहितोय ते डोक्यातून जात नाही म्हणून. कुठे चुकतोय ते तुम्हीच सांगा...

मी राहतो पिंपळे गुरवला, आई-वडील मात्र गावी, निघोज्यातच. कंपन्यांच्या मागे आमचा जमिनीचा एक तुकडा उरलाय. वडील, म्हणजे अण्णा, रोज संध्याकाळी तिथे चक्कर मारतात. परतताना वाट एका वळणावर फुटते – एक घराकडे, दुसरी थेट कंटेनरच्या रस्त्यावर. हल्ली अण्णांना कमी दिसतं आणि मध्येच काही सुचेनासं होतं. म्हणून आई आणि त्यांनी एक रीत पाडलीय. वळणावर आले की अण्णा हातातली बॅटरी दोनदा लावून बंद करतात. आई ओट्यावरच्या दिव्याची दोनदा उघडझाप करते. मग अण्णा त्या दिव्याकडे तोंड करून चालत येतात.

त्या बॅटरीतला सेल चार्ज धरेना. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, मी आणतो. ऑनलाइन रिव्ह्यू वाचून भारीतला रिचार्जेबल सेल मागवला, जुना कंपनीच्या ई-वेस्टच्या डब्यात टाकला. रविवारी गावी जाऊन नवा घालतो तर झाकण लागेना! असल्या सेलच्या बुडाला सेफ्टीचं छोटं सर्किट असतं, तेवढा तो लांब. आटे पकडतच नव्हते. मापाचा व्हर्निअर हातात घेऊन पगार खाणारा मी, सेल मात्र न मोजता घेतला होता.

आई म्हणाली, "आरं, जुना दुकानात दाखवून घ्यायचा व्हता की."

"बदलून आणतो गं," म्हणत मी सेल खिशात टाकला, रिकामी बॅटरी ओट्यावर ठेवली आणि मोबाईलवर योग्य मापाचा सेल शोधत बसलो. कोणता घ्यावा या नादात अण्णा ती बॅटरी उचलून कधी निघून गेले, कळलंच नाही.

लक्षात आलं तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मी बाइकची चावी शोधतोय तोवर आई ओट्यावरून म्हणाली, "तुझं अण्णा आलं बघ वळणावर."

वळणावर उजेड झाला... गेला. परत झाला, परत गेला.

आईनं दिव्याची उघडझाप केली. माझा हात खिशात गेला. सेल तिथेच होता. मी पळत सुटलो.

वळणावर कुणीच नव्हतं. अण्णा सापडले त्याच्याही पुढे, अगदी रस्त्याच्या कडेला. शेजारून कंटेनर जात होते आणि ते घराकडे तोंड करून उभे होते.

"अण्णा, बॅटरी कशी लावली?"

"पेटती कुठं? लई दाबली. मी आपला ह्याच वाटंनं घर म्हणून चाललो व्हतो. तेवढ्यात मागं वळून बघितलं, तर आपल्या ओट्यावरचा दिवा लागत-विझत व्हता, म्हून थांबलो."

मी तिथेच झाकण उघडलं. आत नुसती स्प्रिंग.

गाडीचा उजेड असेल म्हणाल, तर गाड्या येतात त्या बाजूला कंपनीची भिंत आहे. कुणाचा मोबाईल असेल म्हणाल, तर मी आल्यागेल्या प्रत्येकाला विचारून झालंय. आता मोजून आणलेला सेल बॅटरीत नीट बसतो. पण मी नीट बसू शकत नाही. कामावरही संध्याकाळ झाली की घरी फोन लावत सुटतो.

परवा गावी होतो. अण्णा माझ्या शेजारी ओट्यावर चहा पीत होते, बॅटरी त्यांच्या मांडीवर. आणि वळणावर उजेड झाला. दोनदा.

आई उठली.

"आई, अण्णा इथंच आहेत."

"दिसतंय मला," ती बटणाला हात लावत म्हणाली. "आसंल कोणतरी. त्या दिवशी त्यानं सांगितलं म्हून तुझा बाप घरी आला. त्यालाबी घर दिसू दे."

कोण आहे, का येतं, मला आजही सांगता येत नाही. कालही मी गावीच होतो. आई देवळात गेली होती, अण्णा आत झोपले होते. उजेड झाला... आणि बटण मीच दाबलं. दोनदा.