न्हाणीच्या हंड्यातली अंडी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सासूबाईंना तर नाहीच नाही, आणि जिच्या पोटासाठी हे सगळं केलं त्या माझ्या लेकीलाही नाही. कितीदा तरी ओठांवर आलं — आणि मी दुसरंच काहीतरी बोलून मोकळी झाले. आज सांगते. तुम्ही नुसतं बसा. मधे हूं सुद्धा म्हणू नका, नाहीतर मी पुन्हा विषय बदलेन. मला त्याची सवय आहे.

आधी तुम्हाला हसू येईल. कोंबडीच्या अंड्यांची गोष्ट ती काय! मलाही येतं हसू — अर्ध्यापर्यंत.

आम्ही तेव्हा येडशीच्या अलीकडं एका खेड्यात राहत होतो. यजमान तिथल्या शाळेवर मास्तर. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण शाळेच्या कपाटात उर्दू पुस्तकं तशीच पडून होती. घर भाड्याचं. पुढं दोन खोल्या, मागं न्हाणी आणि एक रिकामा गोठा. गोठ्याच्या बुटक्या भिंतीपलीकडं सोनामावशीचं परस. सोनामावशी शेतकऱ्याघरची बाई, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिची सून कौसा. अणदूरची, खंडोबाच्या गावची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला सगळ्या गावात मैत्रीण एकच होती, ती ही. माझी शालन रडायला लागली की भिंतीवरून हात पुढं करायची — "द्या इकडं, मास्तरीणबाई, तुमी जरा टेका." आणि पोर तिच्या खांद्यावर गप्प व्हायची. माझ्याकडं नाही व्हायची. कशी होईल? माझ्या अंगावर दूधच नव्हतं.

दिवाळीनंतर मी माहेराहून तीन महिन्यांची शालन घेऊन आले होते. पोर भुकेनं नुसती किरकिरायची. सासूबाईंनी हळीव केले, खसखस केली, डिंकाचे लाडू केले — बाई वाईट नव्हत्या हो, त्यांच्यावर ढकलणार नाही मी. शेवटी कळंबच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पोरीला काही झालेलं नाही, आईच अशक्त आहे. चालत असेल तर अंडी द्या.

चालत असेल तर! आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. परतीच्या वाटेवर बैलगाडीत सासूबाई "शिव शिव" म्हणत होत्या, ते घर येईपर्यंत थांबल्या नाहीत. पण अंडं हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला, तो हलेना.

आणि त्याच आठवड्यात — याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा — गोठ्याच्या गव्हाणीत मला एक अंडं दिसलं. अजून कोमट.

सोनामावशीच्या तीन कोंबड्या. दोघींनी पिसं गाळली होती, त्या थंडीनं अंग चोरून बसलेल्या. तिसरी ठिपकी. ती मात्र भिंत ओलांडून आमच्या गोठ्यात यायची, तिथं वारा लागत नव्हता म्हणून. मी ते अंडं पदरात घेतलं. न्हाणीत चुलाण्यावर आंघोळीच्या पाण्याचा हंडा चढलेला होता. फडक्यात बांधून हंड्यात सोडलं. शिजलं तसं काढलं, उभ्यानंच खाल्लं, टरफल चुलाण्यात लोटलं. नंतर त्याच पाण्यानं सासूबाईंनी आंघोळ केली. गंगा-यमुनेला हाका मारत तांब्यावर तांबे ओतून घेत होत्या, आणि मी बाहेर उभी राहून तोंड दाबत होते. हसू होतं की भीती? दोन्ही होतं.

पहिलं अंडं पदरात पडलं, असं मी म्हणू शकते. पुढची मात्र मी बोलावून घेतली. हे नीट ऐका. गव्हाणीत मी भुस्सा पसरला. मूठभर ज्वारी टाकायला लागले. कोंबडीला घरट्यात एक तरी अंडं दिसलं तर ती जागा बदलत नाही, हे मला कौसानंच कधीतरी सांगितलं होतं — म्हणून ओढ्यातला गोल गोटा आणून त्याला चुना फासला आणि तो मधोमध ठेवला. अंडं घातलं की कोंबडी गावभर डांगोरा पिटते, तर तिनं चोच उघडायच्या आत मी दाणे टाकायची. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, तेही पथ्यावर पडलं. एवढी अक्कल माझ्यात होती! ऐन थंडीत, सगळ्या गावाच्या कोंबड्या बंद असताना, ठिपकी एक-दोन दिवसाआड अंडं देत होती. मला. दूध उतरायला लागलं. शालनच्या मांडीला वळ्या आल्या. मी आरशात बघायला लागले.

मार्गशीर्षात एके दिवशी सोनामावशी भिंतीपाशी आली. ठिपकीची अंडी साठवून खुडूक कोंबडीखाली बसवायची होती तिला, पिलं काढायची होती. म्हणाली, अंडं काही गावत नाही, तुमच्याकडं तर घालत नाही ना? तेव्हा सांगता आलं असतं. पाया पडून सांगितलं असतं तर तिनं शिव्या दिल्या असत्या आणि वर रोजचं एक अंडं दिलं असतं. तशीच होती ती. पण आत सासूबाई होत्या. आणि मी म्हणाले — थंडीत दिवस लहान असतो ना मावशी, कोंबड्या अंडी घालायच्या बंद होतात. मास्तर सांगत होते, पुस्तकात आहे.

मास्तरांनी जन्मात कोंबडीकडं वळून पाहिलं नव्हतं. पण पुस्तकाचं नाव घेतल्यावर सोनामावशी काय बोलणार? मान हलवून गेली. अंडी देत नाही अशी कोंबडी दाणे घालून कशाला पोसायची, हा हिशेब तिनं मनात केला असेल. तो माझ्या ध्यानात यायला हवा होता. आला नाही.

पौषात तिचा जावई आला. जावयाला कोंबडी कापली. ठिपकी.

त्या सकाळी मी गव्हाणीपाशी वाट बघत होते. पलीकडून सोनामावशीचा आवाज चढला, तशी शालनला कडेवर घेऊन भिंतीशी गेले. सोनामावशीच्या हातात परात होती. कोंबडीच्या पोटातून निघालं ते तिच्यात होतं — पिवळ्या बलकांची माळच, राईएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत, आणि एक तर पुरं टरफल धरलेलं. त्या दिवशी माझं व्हायचं ते.

"बगा मास्तरीणबाई, बगा! ही तर अंडी देत व्हती की वो! तुमच्या मास्तरांचं पुस्तक तरी काय करंल, घरातच चोर असल्यावर!"

सकाळी डालगं उचलून कोंबड्या सोडायची ती कौसा. दिवसभर परसात असायची ती कौसा. नवी सून, खात्यापित्या वयाची. दुसरं कोण? सोनामावशीनं तिच्याकडं बघितलं, जावयानं बघितलं, कौसाच्या नवऱ्यानं बघितलं. कौसा आधी माझ्याकडं बघून हसली, थट्टा चाललीय असं वाटून. मग तिला कळलं.

ती रडली नाही. आत गेली, देव्हाऱ्यातला भंडारा मुठीत घेऊन आली. वर बेलाचं पान. आमच्या भागात बेलभंडार उचलला की त्यापुढं शपथ नाही. अंगणाच्या मधे उभी राहून म्हणाली, "म्या एक बी अंडं खाल्लं आसंल तर माजी कूस उजवू नये."

सोनामावशीसुद्धा दचकली. "आगं, आसं न्हाय बोलू —" म्हणाली. पण बोलून झालं होतं.

आणि मी? मी भिंतीपाशी, शालन कडेवर. हात लांब केला असता तर कौसाच्या मुठीला लागला असता एवढ्या अंतरावर. भूक होती, अडचण होती, सासूबाईंचा धाक होता, हे सगळं खरं. पण भंडारा उचलला तेव्हा माझं पोट भरलेलं होतं. शालनला पाजायची वेळ झालीय असं काहीतरी पुटपुटले आणि आत आले. चुन्याचा गोटा उकिरड्यात टाकला. दूध पाजलं. पोर पोटभर प्याली.

पुढं तीन वर्षं आम्ही त्या घरात होतो. कौसाला मूल झालं नाही. पहिलं वर्ष कोणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी पाणवठ्यावर बाया बोलायला लागल्या — भंडारा लागला. देवापुढं खोटं बोलली, देवानं दाखवलं. अंड्याची गोष्ट लोक विसरलेसुद्धा असते, पण तिची रिकामी ओटी रोज साक्ष द्यायला उभी होती. खरं बोललेल्या माणसाला शपथ कशी लागेल, हा प्रश्न गावात कोणाला पडायचं कारण नव्हतं. तो एकटीला पडायचा, मला. तिसऱ्या वर्षी सोनामावशीनं लेकाला दुसरी करून आणली. दोन बायका करू नयेत असा कायदा आला होता म्हणे. खेड्यात कोण विचारतंय. कौसाकडं गुरांचं शेण आणि शेतातलं काम राहिलं. कोंबड्यांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. तिला हक्कानं कडेवर घ्यायला कोणाचं मूल मिळत असेल तर ती शालन. भिंतीवरून मी देत असे. तेवढं मी करत असे, आणि तेवढ्यावर रात्री झोपत असे.

मग यजमानांची बदली झाली. एस.टी. फाट्यावर यायची. सामानाची गाडी पुढं गेली आणि आम्ही मागून चालत. कौसा शालनला खांद्यावर घेऊन आली, सबंध वाटेत कोणाकडं दिली नाही. एस.टी.ची धूळ दिसली तेव्हा तिनं शालनच्या गालाला गाल लावला आणि मग माझ्या हातात दिली.

"कशी गुटगुटीत हाय बगा," ती म्हणाली. "लई सकस दूद व्हतं तुमचं, मास्तरीणबाई. देवानं दिलं तर मला बी तसंच देवो."

तिच्या डोळ्यांत काही दुसरं आहे का, ते मी शोधलं. काही नव्हतं. ती मनापासून बोलत होती.

मी म्हणाले, "देवाची कृपा गं, कौसा."

आणि गाडीत चढले.