भोपळे बांधलेलं विमान

माझी धाकटी बहीण मीनल गेली, तिच्या तेराव्याला बदलापूरच्या आमच्या घरी माईकाकू, मामा, मी, माझी बायको आणि मुलगी सई एवढी माणसं होती. जेवणं उरकल्यावर काकू म्हणाल्या, "तिच्या नावाने काहीतरी सोडायला हवं. पोहणं सोडा. या घरातलं कुणी आता पाण्यात उतरायचं नाही." आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी कुणी आंबा सोडतं, कुणी भात. सईने माझ्याकडे पाहिलं. ती उल्हासनगरला पोहायला शिकते. आत्यासारखं पाण्यावरून उडायचं, हे तिचं केव्हाच ठरलेलं आहे.

मीनल कॅनडाच्या उत्तरेला, रस्ता पोचत नाही अशा गावांना माणसं आणि सामान नेणारं विमान चालवायची. ते तळ्यावरच उतरतं आणि तळ्यावरूनच उडतं. पहिल्या फोटोखाली तिने लिहिलं होतं, "दादा, चाकांऐवजी भोपळे बांधलेत बघ." आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वाढलो. मे महिन्यात मामा त्यांच्या विहिरीवर आमच्या पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवायचे. मी काठावरच. मीनलने मात्र चार दिवसांत भोपळा सोडून दिला आणि खालून ओरडली, "दादा, वॉचमनची नोकरी लागली काय रे?"

विमान पाण्यावर वेग घेत असताना उलटलं. का, ते चौकशीत ठरेल. तोवर मी कारण लिहिणार नाही. आत तिघं होती. प्रवासी नवरा-बायको बाहेर आले. मीनलच्या बाजूचं दार चेपून अडकलं होतं... त्या बाईंनी नंतर फोन केला. निघण्याआधी मीनलने दोघांना डोळे मिटून दाराची कडी चाचपायला लावली होती. एकदा झाल्यावर पुन्हा. "आम्ही वैतागलो होतो," त्या म्हणाल्या. "पण पाण्याखाली काही दिसेना, तेव्हा हात आपोआप कडीवर गेला."

हे सगळं मी काकूंना सांगितलं. "तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "बाकीचे सुटले, आपली गेली. कशाला हवं होतं पोरीला हे?"

"काकू, तिला पाणी कळत होतं म्हणून ती दोघं घरी पोचली. तिने चूक केली असं या घरात कुणी म्हणायचं नाही. मी भात सोडतो. पोहणं सोडणार नाही."

"आणि उद्या हिला काही झालं तर?"

भीती वाटतेच. पण ती माझी आहे. सईच्या नावावर मी ती चढवणार नाही. काकू निघून गेल्या. अजून फोन घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सईला घेऊन तिच्या पोहण्याच्या तलावावर गेलो.

"बेबीची फी ना, अंकल?" शिकवणाऱ्या सरांनी विचारलं.

"दोघांची."

"दुसरं कोण?"

"मी."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "बच्चों के साथ उतरना पडेगा. चलेगा?"

"चलेगा," मी म्हणालो, आणि सईची अन् माझी, तीन-तीन महिन्यांची फी त्यांच्या हातात मोजून दिली.