तोफा मागे घेतल्या, कोणासमोर?

"कोणासमोर?"

सौदीत, जेद्दातल्या आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीच्या खिडकीशी उभं राहून काहीही सांगा, आतून आधी हा प्रश्न यायचा. मी म्हणायचे, मॉर्फिनचं अर्धं इंजेक्शन पेशंटला दिलं, उरलेलं सिंकमध्ये ओतून टाकलं. ते चष्मा कपाळावर ढकलायचे, हातातलं पेन खाली ठेवायचे. "ओतलं. बरं. कोणासमोर?" दुसऱ्या सिस्टरसमोर. "मग ती कुठंय?" ती जेवायला गेली आहे. "जेवून येऊ दे." आणि खिडकीची काच सरकवून बंद.

नशेच्या औषधांचा हा नियम सगळीकडेच आहे. उरलेलं औषध टाकताना दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांनी पाहायचं असतं, नाहीतर ते कुणाच्या खिशात जाईल याचा भरवसा नाही. पण नियम पाळणारी माणसं वेगळी आणि नियमावर जीव जडलेली माणसं वेगळी. तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. तो रजेवर गेला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दुपारपर्यंत कामाचा पार विचका होतो.

आमचे दुक्तूर तसे होते. फार्मासिस्टलाही इकडे दुक्तूर, म्हणजे डॉक्टरच म्हणतात. ते सुदानचे, ओमदुरमानचे. खार्तूमहून नाईल ओलांडली की लागतं ते गाव. जेद्दात त्यांची अर्धी हयात गेली होती. बायको वारलेली, मुलगी कॅनडात. उंच, किडकिडीत, डोक्यावर पिकलेले दाट केस. हे सगळं मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी एवढंच कळलं की या माणसानं माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं आणि तोंड वर न करता विचारलं, "मराठी का?"

माझ्या हातातला ट्रे पडायचाच बाकी होता. "हो!" मी म्हटलं. परदेशात आपली भाषा ऐकली की माणूस उगीचच पाघळतो.

"मग वीस मिनिटं उशीर का केला?"

फार्मसी शिकले होते पुण्यात. चार वर्षं तिथं राहिलेले. मराठी शिकवली घरमालकीणबाईंनी, तीही नळाच्या पाण्यावरून रोज होणाऱ्या भांडणांतून. त्यामुळे त्यांच्या मराठीत प्रेमाचे शब्द जेमतेम आणि टोमणे भरपूर होते. ‘ळ’चा उच्चार त्यांना कधीच जमला नाही; पण नेमकं लागेल असं बोलणं मात्र पुण्याहून पक्कं करून आले होते.

सुदानातली लढाई सुरू झाली ती रमजानच्या अखेरीला. दोन सेनापती. कालपर्यंत एका ताटात जेवत होते, मिळून सत्ता बळकावली होती, आणि वाटणीवरून जुंपली तेव्हा सगळ्या शहरात तोफा आणून उभ्या केल्या. शाळेसमोर तोफ, बाजारात तोफ, पुलावर तोफ. दोघांचंही म्हणणं एकच, हे सगळं जनतेसाठी चाललंय. अशा माणसांची नावंसुद्धा लक्षात ठेवू नयेत. मी ठेवलेली नाहीत.

ओमदुरमानमध्ये दुक्तूरांची आई होती आणि धाकटा भाऊ. आई पंच्याऐंशीच्या पुढची. दुपारच्या नमाजानंतर तिचा फोन यायचा, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे ती असा आवाज लावायची की खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आम्हाला सगळं ऐकू यायचं. एकदा दुक्तूरांनी फोन माझ्या हातात दिला. "तू हिंदी का?" म्हातारीनं विचारलं. हिंदी म्हणजे भारतातली. मग मला "बिन्ती", म्हणजे माझे मुली, म्हणून तिनं विचारलं, माझा मुलगा जेवतो का? मी म्हटलं, जेवतात, पण चिडून जेवतात. ती इतकी हसली की तिला खोकला आला.

आईला जेद्दाला आणायचं होतं. व्हिसा तयार होता. भावानं तिला गाडीतून बंदरावर न्यायचं, तिथून बोटीनं इकडे. अडचण एकच. घरापासून शहराबाहेर पडेपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या तोफा होत्या. शस्त्रसंधी झाली तरच निघता येणार होतं.

आणि शस्त्रसंधीला काय तोटा! ईदसाठी एक झाली. मग मदत पोचवण्यासाठी एक. मग आधीची मोडली म्हणून ती वाढवण्यासाठी एक. मोडलेली वस्तू वाढवतात कशी हे मला त्या सेनापतींनी एकदा समजावून द्यावं. टीव्हीवर पट्टी सरकायची, "दोन्ही बाजूंची तत्त्वतः मान्यता." आमच्या वॉर्डातला पेशंट तत्त्वतः बरा झाला म्हणून मी घरी पाठवला, तर माझी नोकरी दुपारपर्यंतही राहणार नाही. सेनापतींना ही अडचण नसते.

त्यात भर म्हणजे ही बोलणी आमच्याच गावात चालायची. समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात. आमची स्टाफ-बस त्याच रस्त्यानं जायची. फाटकाशी काळ्या गाड्यांची रांग, कडक इस्त्रीचे कोट, फुलझाडांच्या कुंड्या. दुक्तूर खिडकीशी बसलेले असायचे. त्या फाटकाकडे ते एकदाही मान वळवून बघायचे नाहीत, आणि ते पार झालं की हळूच रुमालानं चष्मा पुसायचे.

कॅन्टीन चालवायचे दाऊदभाई, दापोलीकडचे. जातीचे आशावादी. प्रत्येक शस्त्रसंधीला त्यांच्या अंगात उत्साह यायचा.

"दुक्तूर, थांबली हो लढाई! आताच टीव्हीवर सांगितलान. तोफा मागं घेतल्यानी."

"घेतल्या? कोणासमोर?"

"आता ते मी कसं सांगू? सांगतायत ते खरंच असंल ना?"

"दाऊदभाई, बंदूकवाला थांबतो. त्याला भूक लागते, झोप येते. तोफ थांबत नाही. ती फक्त गल्ली बदलते. मागे घेतली म्हणतात. किती मागे? कोणी पाहिलं? मी अर्धी सुई औषध कुणी पाहिल्याशिवाय मान्य करत नाही, आणि आईला यांच्या शब्दावर रस्त्यावर काढू?"

दाऊदभाई चहा ओतत राहायचे. आणि दुक्तूर फोनवर भावाला सांगायचे, नाही, अजून नाही. पाहणारं कोणी नाही. घरातच थांबा.

मला ते पटायचं. खरं सांगते, त्या सगळ्या थापेबाजीत हा एकच शहाणा माणूस आहे असं वाटायचं. त्यांच्या तुच्छतेत मीही माझी तुच्छता मिसळायचे. संध्याकाळी बसमध्ये आम्ही दोघं मिळून त्या सेनापतींची, त्यांच्या प्रवक्त्यांची आणि त्यांच्या नेकटायांची यथेच्छ सालटी काढायचो. आणि दर वेळी दुक्तूर बरोबर ठरायचे. शस्त्रसंधी संध्याकाळपर्यंतही टिकायची नाही. ओमदुरमानमध्ये पुन्हा गोळे पडायचे, आणि फोनवर म्हातारी ओरडून सांगायची, आम्ही ठीक आहोत, तू जेवलास का?

मग तो करार आला. या वेळी नुसता तोंडी मामला नव्हता. वस्त्यांमधून जड तोफा मागे न्यायच्या, ठरलेल्या जागी उभ्या करायच्या, आणि त्यांच्यावर देखरेख करायला पाहणारी माणसं नेमायची. टीव्हीवर कलमं वाचून दाखवली. दुक्तूर चहाचा कप घेऊन टीव्हीजवळ गेले, पट्टी सरकत होती ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग ती पुन्हा येईपर्यंत उभे राहिले आणि पुन्हा वाचली.

दाऊदभाईंनी डोळा मारला. "विचारा ना आता, कोणासमोर?"

"लिहिलंय," दुक्तूर म्हणाले. "पाहणारे आहेत."

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. तिथंच कॅन्टीनमध्ये त्यांनी फोन लावला. उद्या सकाळी निघा. म्हातारीनं वाद घातला, तिला कॉफीची मातीची सुरई बरोबर हवी होती. "आई, सुरया इथे मिळतात." इथल्या सुरईतल्या कॉफीला चव नसते, असं तिनं जेद्दा न पाहताच ठणकावून सांगितलं. अखेर सुरई घेण्यावर तडजोड झाली. दाऊदभाईंनी सगळ्यांना फुकट शिरा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी होते तेव्हा फोन वाजला. भावाचा होता. दुक्तूरांनी ऐकलं. मध्ये एकदाच "कुठे?" असं विचारलं. मग फोन टेबलावर ठेवला, नीट, कडेला समांतर.

तोफ मागे घेतली होती. त्यात खोटं काही नव्हतं. चौकातून काढून ती दोन गल्ल्या मागे, त्यांच्या घरामागच्या शाळेच्या आवारात नेली होती. आणि पाहणारी माणसं? ती नेमायची होती. कुणाची किती, हे पुढच्या बैठकीत ठरणार होतं. मागे नेलेल्या तोफेवर समोरच्यांनी गोळे टाकले. भाऊ गाडी आणायला गेला होता. आई तयार होऊन दाराशी खुर्चीत बसली होती.

त्या संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, काही ठिकाणी किरकोळ उल्लंघन, दोन्ही बाजूंकडून परस्परांवर आरोप. किरकोळ! माझ्या हातात काहीतरी असतं तर मी त्या काचेवर फेकून मारलं असतं. दाऊदभाई काउंटरमागे डोळे पुसत होते, आणि कुणाला काय हवं ते न विचारताच चहा देत होते.

दुक्तूर चौथ्या दिवशी कामावर आले. कुणी सांत्वन केलं की हात छातीवर ठेवायचे. बसमध्ये माझ्याशेजारी बसायचे, पण आता सेनापतींना शिव्या घालण्यात त्यांना रस उरला नव्हता. मी सुरुवात केली की म्हणायचे, "जाऊ द्या ताई."

दोनेक महिन्यांनी त्यांनी मला घरी बोलावलं. ओमदुरमानमधल्या त्यांच्या शेजारीणबाई, निवृत्त शिक्षिका, जेद्दात मुलीकडे आल्या होत्या आणि त्यांना भेटायला येणार होत्या. घरात बाईमाणूस नाही, म्हणून मी असावं एवढंच. मी शराफियाच्या बाजारातून खजूर आणि थोडी मिठाई घेऊन गेले. आतल्या खोलीत एक बुटकी खाट होती, अजून प्लास्टिकमध्येच गुंडाळलेली. मी ती पाहून न पाहिल्यासारखं केलं.

शेजारीणबाई सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या. आधी सगळ्यांनी ओंजळ करून फातिहाची प्रार्थना म्हटली. मग त्या दुक्तूरांच्या आईबद्दल बोलू लागल्या. माझी अरबी कामापुरती, पण त्या शिक्षिका असल्यामुळे सावकाश, स्वच्छ बोलत होत्या. त्या स्वतः मदत पोचवण्यासाठीच्या शस्त्रसंधीत निघाल्या होत्या. ती कुणालाच खरी वाटत नव्हती, पण एक बस गल्लीत आली, आणि लोक चढले. वाटेत गोळीबार झाला, बस दोनदा थांबली, पण पोचली.

"मी तुझ्या आईला हाक मारली," त्या म्हणाल्या. "बसमध्ये जागा होती. म्हटलं, उठ, चल. ती म्हणाली, नाही. माझा मुलगा जेद्दाला असतो. बोलणी तिथेच चालली आहेत. त्याला आतलं सगळं कळतं. तो सांगेल तेव्हाच मी निघेन."

मी खाली बघत राहिले. दुक्तूरांनी त्या हॉटेलात पाऊल ठेवणं सोडाच, त्याच्या फाटकाकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. शेजारीणबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या त्यांचं सांत्वनच करत होत्या. "साऱ्या गल्लीला सांगायची रे ती. केवढा अभिमान होता तिला तुझा!"

दुक्तूरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "खाला, असंच म्हणाली ती? मला आतलं कळतं म्हणून?"

"असंच."

"पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं, अधिक मायेनं. त्यांना वाटलं, मुलाला ऐकून बरं वाटतंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुक्तूरांनी नोकरी सोडली, इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, रद्द करून घेतला. बंदरावर सोडायला मी आणि दाऊदभाई गेलो होतो. त्यांच्याजवळ एकच बॅग होती. मी रागावूनच विचारलं, या वयात तिकडे जाऊन काय करणार आहात? औषधं वाटणार?

"तेही करीन," ते म्हणाले. "आमच्या भागातली पोरं एक गाडी चालवतात ताई. अडकलेल्या लोकांना बाहेर काढतात. पोरं लहान आहेत, म्हाताऱ्या बायका त्यांचं ऐकत नाहीत. म्हणतात, माझ्या मुलाचा जेद्दाहून फोन येऊ दे, मग निघते."

दाऊदभाईंनी बॅग उचलून त्यांच्या हातात दिली.

"त्यांना उचलून गाडीत घालायला माझ्या वयाचं कुणीतरी पाहिजे," दुक्तूर म्हणाले. "फोन यायच्या आधी."

ते बोटीत चढले. लढाई अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात टीव्हीवर पुन्हा एका शस्त्रसंधीची पट्टी सरकत होती, आणि दाऊदभाई तिच्याकडे पाठ करून कपबश्या विसळत होते.