नळीतला काळोख

जवसाच्या तेलाचा वास आला की उमेळे गावातल्या आमच्या घराची ओटी आठवते. लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली जमवून त्यांच्या लाकडाला ते तेल चोळणारे पपा नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट काढून तिथे पांढरा कागद धरीत. “मोज गं बाय, पाच की दोन?” मी नळीच्या पुढच्या तोंडाशी डोळा लावून आतल्या खाचा मोजत असे, त्यावरून ते रायफल ओळखत. त्या दुपारी ते गंजून अडकलेला बोल्ट हातोडीने ठोकत होते, आणि मी सवयीने बोल्ट निघण्याआधीच नळीला डोळा लावला. “पपा, आत उजेडच नाही!” हातोडी हवेतच थांबली. मला बाजूला ओढून त्यांनी नळीत गज सारला. तो बोल्टच्या चार बोटे अलीकडेच अडला. आत जिवंत काडतूस होते. आजही डोळे मिटले की तेव्हा माझा डोळा चाचपणारा त्यांचा तेलकट तळहात पापणीवर जाणवतो आणि ऐकू येते, “आहेस?”