अप्पा जायला तयार होते

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

अंकुश आणि मी एकाच वर्गातले. तो शिरूर कासारचा, आईबाप ऊसतोडीला जायचे. मेडिकल कॉलेजात माझ्या वह्या उतरवायचा. पुढं सर्जरीला त्याचा नंबर लागला, माझा नाही. मी तलवाड्यात दवाखाना टाकला. नव्वदनंतरची ती वर्षं — गावात नुकताच एसटीडी बूथ आला होता. एके दिवशी पेपरात अंकुशचा फोटो. छातीतली गाठ रक्ताच्या मोठ्या शिरेत शिरलेली. यानं शिरेचा तेवढा भाग कापून तिथं कृत्रिम नळी शिवली, माणूस वाचवला. वडिलांनी ते कात्रण माझ्याच टेबलाच्या काचेखाली ठेवलं. रोज बघायचो. रोज जळायचो.

तशातच किराणा दुकानवाले मन्मथअप्पा आले. एकटेच. तोंड सुजलेलं, मानेच्या शिरा टरारलेल्या, एक्स-रेत छातीत गाठ. मला कळलं — तेच दुखणं. अप्पांचं बोट काचेवर गेलं.

"डाक्टरसाब, ह्ये तुमचे दोस्त ना? चिठ्ठी द्या, उद्याच जातो."

मी काय म्हणावं? "पेपरातलं खरं नसतं, अप्पा. यावर ऑपरेशन न्हाई. घरी बोलू नका, उगा घाबरतील."

गोळ्या दिल्या. सूज थोडी उतरली. अप्पा मला हात जोडायचे — आणि मी ते जोडू द्यायचो.

दोन महिन्यांनी ते दुकानातच कोसळले. गंगाबाई, त्यांची बायको, त्यांना घेऊन थेट अंकुशकडं गेल्या. अप्पांच्या खिशात माझ्या गोळ्यांची चिठ्ठी सापडली, म्हणून त्याचा बूथवर फोन आला. "गाठ पार हृदयात उतरलीय रे. आधी आले असते तर शीर बदलता आली असती. तू कावून न्हाई पाठवलंस?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "अप्पाच ऐकंनात."

किती सहज आलं ते तोंडातून!

चार दिवसांनी, शुद्धीवर न येताच, अप्पा गेले. अंकुशनं माझे शब्द गंगाबाईंना सांगितले. दिवसकार्य उरकल्यावर त्या दवाखान्यात आल्या. रडत नव्हत्या, संतापल्या होत्या — नवऱ्यावर.

"तुमी जा म्हणलं, तरी गेले न्हाईत. मला एका शब्दानं बोलले न्हाईत. लई दगा दिला मला."

मी मान हलवली. हो म्हणून.

पुढं अकरा वर्षं त्या जगल्या. अप्पांचा फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. मी रोज त्या दुकानावरून जायचो. बोललो नाही.

अप्पा जायला तयार होते. अडवलं मी.