पंचफुलाक्काची चिनी अक्षरं

पंचफुलाक्काला कुणी अडाणी म्हनलं की माझं डोकं सरकतंय. मी नववीत शाळा सोडली ती माझ्या मस्तीनं. अक्का दुसरीत होती तवा भूकंपात तिची शाळाच पडली. फरक हाय की न्हाई?

लातुरात ईश्वरप्पा शेटच्या डाळमिलमधी आम्ही बारा बाया तूरडाळ निवडायचो. लॉकडाऊन उठल्यावर शेटनं डाळ निवडायची जुनी मशीन आणली. स्क्रीनवर समदं चिनी! विनोद इंजिनेर दोन दिवस बसला आन म्हनला, "इंग्रजी असतं तर चालवलं असतं."

अक्का म्हनली, "मला दोन्ही येत न्हाई, म्हंजी दोन्ही सारखंच. मी बसते. पन शेट, मशीन चालली तर एकाबी बाईला काढायचं न्हाई."

शेट लई हासला. "बरं, ए बाई. सोमवारपर्यंत चालवून दाव."

आमच्या गल्लीतली अपूर्वा चीनला डॉक्टरकी शिकायची, तवा कोरोनापायी घरीच अडकली होती. नीटच्या पोरांच्या शिकवण्या संपल्या की ती अक्काला शिकवायची. अक्का ताटात डाळीचा चुरा पसरून बोटानं गिरवायची. डाळीचं अक्षर म्हंजी झाकण घातलेली घागर. वारा, थांब, कमी, जास्त, असली तीस अक्षरं झाली.

अपूर्वा म्हनली, "अक्का, फोनवर चीनच्या मशीनवाल्याला नुसतं नावानं हाक मारू नको. अदुगर आडनाव, मग शिफू. आपल्याकडं उस्ताद म्हनतेत ना, तसं."

सोमवारी मशीननं चांगली डाळबी उडवून टाकली. अपूर्वानं मशीनवरल्या नंबरावर चीनच्या चेन मिस्त्रीला व्हिडिओ कॉल लावून दिला. शेटनं फोन हिसकला, "ए चायना! हॅलो! मशीन खराब!" मिस्त्रीचं तोंड कडू झालं. आता ठेवतोय फोन, आन आम्ही बारा जणी घरी!

अक्कानं फोन घेतला, मान वाकवली. "चेन शिफू, निन हाव." नमस्कार केला तिनं.

मिस्त्री खुर्चीतून उठून उभाच ऱ्हायला! "फंग," म्हनला. अक्काचं बोट सरळ वाऱ्याच्या अक्षरावर. मग "कमी"चं बटण, तीनदा. खाली पिवळीधमक डाळ पडाया लागली. चेन कायतरी बोलला आन दोन्ही हात जोडले.

"काय म्हनला गं?" शेटनं इचारलं.

अपूर्वा म्हनली, "अक्कालाच शिफू म्हनला."

मी शेटला तिथंच सुनावलं, "आता तुमीबी शिफू म्हना."

शेट डोकं खाजवत म्हनला, "पंचफुलाबाई म्हनलं तर चालंल का?"

"चालतंय की," अक्का म्हनली. "ते 'ए बाई' तरी सुटलं."

बाराच्या बारा जणी हाव अजून तिथंच.