पडून असताना निवडलेला संघ

मुलाच्या वेळी सातवा महिना संपता संपता मला एकदा रक्तस्राव झाला, आठवड्याभराने पुन्हा झाला, आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या की आता घरी जायचं नाही. बाळाची वार खाली, गर्भाशयाच्या अगदी तोंडावर आली होती. पुन्हा रक्त जायला लागलं तर पटकन ऑपरेशनला न्यावं लागेल, आणि आमचं घर लीड्सच्या पार दुसऱ्या टोकाला.

"म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"बाळ होईपर्यंत," त्या म्हणाल्या. आवाज इतका मऊ होता की त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. नवरा घरी जाऊन कपडे, चार्जर आणि मुलीने दिलेला एक कापडी ससा घेऊन आला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

वॉर्डच्या त्या भागात चार कॉट होत्या. मध्ये फिकट निळे पडदे. खिडकी वीतभरच उघडायची, त्याच्यापुढे तिला लोखंडी अडसर. बाहेर गाड्यांचं पार्किंग आणि त्यापलीकडे एका इमारतीची भिंत. मला कॉटवरून उठून बाथरूमला जायची परवानगी होती, कॉरिडॉरच्या दारापर्यंत चालायचीही होती. त्या दारापलीकडे नाही. हाताच्या शिरेत सतत कॅन्युलाची नळी, पायांत रक्त गोठू नये म्हणून घट्ट पांढरे मोजे. दुखत काहीच नव्हतं, हे सगळ्यात विचित्र. चांगली धडधाकट बाई मी, रोज ट्रेनने ऑफिसला जाणारी, आणि आता शिंक आली तरी घाबरत होते.

पुण्याहून आई रोज व्हिडिओ कॉल करायची आणि रोज तेच सांगायची, "हलू नकोस गं. नुसती पडून राहा." मी हं म्हणायचे. बुधवारी आणि रविवारी नवरा मुलीला घेऊन यायचा. येताना ती धावत यायची, जाताना कॉटचा दांडा धरून ठेवायची. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागायची. ती गेली की मी पडदा ओढून घ्यायचे.

अशाच एका रविवारी पडद्यापलीकडून आवाज आला, "उद्या सकाळी पडदा उघडशील का? तुझ्या बाजूने उजेड येतो."

ती माझ्या शेजारच्या कॉटवर होती, माझ्या आधीपासून. ऑस्ट्रेलियाची, मेलबर्नजवळच्या कुठल्याशा उपनगरातली. गुरांची डॉक्टर. नवरा इथला, यॉर्कशरचा, तोही गुरांचाच डॉक्टर. तिच्या पोटात जुळं होतं, दोन्ही मुली एकाच पिशवीत, मध्ये पडदाच नाही. त्यांच्या नाळा एकमेकींत गुंतण्याची भीती असते म्हणून दिवसातून तीनदा तिच्या पोटाला पट्टे लावून दोन्ही ठोके ऐकायचे. वॉर्डभर दोन घोडे दौडल्यासारखा आवाज घुमायचा. तो नीट ऐकू येईपर्यंत ती छताकडे बघत राहायची, आणि मीही.

शनिवारी नाश्ता झाला की ती टॅबलेट उभा करून फुटबॉल बघायची. आपल्याला माहीत आहे तो फुटबॉल नव्हे, ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, बिनबाह्यांचे शर्ट घातलेले उंच पुरुष एकमेकांच्या खांद्यांवर गुडघे टेकवून उंच उडतात आणि चेंडू झेलतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. थोडक्यात हुकलं तरी एक गुण मिळतो, हे मला फार आवडलं.

"कुठल्या संघाची तू?" मी विचारलं. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं.

"ते नंतर सांगेन. आधी तू तुझा निवड."

"मी नुसती बघते ना."

"नुसतं नाही बघता येत," ती म्हणाली. "नुसतं बघणं म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नात जेवून येणं. संघ निवड. आणि नीट विचार कर, कारण एकदा निवडला की मरेपर्यंत बदलायचा नाही. नवरा बदललेले लोक आहेत आमच्याकडे, संघ बदललेला एकही नाही."

"तू कसा निवडलास?"

"मी कुठे निवडला? आजोबांचा तोच, बाबांचा तोच. माझं नाव ठरायच्या आधी माझा संघ ठरला होता."

मी हसले, पण तो विषय माझ्या डोक्यातून जाईना. आता सांगताना चमत्कारिक वाटतं, पण त्या आठवड्यात दुसरं काही ठरवण्यासारखं माझ्या हातात नव्हतं. रक्त कधी तपासायचं, कधी झोपायचं, बाळ कधी काढायचं, सगळं इतर लोक ठरवत. मुलीची फी, घराचं भाडं, तिचे शाळेचे बूट नवरा बघत होता आणि मला विचारायचाही नाही, मला ताण नको म्हणून. दुपारच्या जेवणात सूप की सँडविच, एवढाच प्रश्न मला रोज विचारला जायचा. आणि आता हा.

आधी मी रंग बघितले. एका संघाचा शर्ट छान होता, गडद निळा, आमच्या लग्नातल्या शालूसारखा. ती म्हणाली, "चिखलात सगळे सारखेच दिसतात." मग मी जिंकणारा संघ शोधायला लागले. वरच्या दोन-तीन संघांची नावं तिला वाचून दाखवली. तिने तोंड असं केलं की मी फोन खाली ठेवला. नवऱ्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "तू कधी क्रिकेट तरी बघितलंस का? झोप जरा." त्याचं चुकलं नव्हतं. घरी एका पोरीला सांभाळून तो ऑफिसही करत होता. पण मला राग आला, आणि राग आला म्हणून जरा बरंही वाटलं.

मग एका शनिवारी एक सामना लागला होता. तिकडे हिवाळा, धो धो पाऊस, अर्धं स्टेडियम रिकामं. एक संघ इतका मागे पडला होता की निवेदकही दुसऱ्याच गप्पा मारत होते. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला. माझ्याच वयाची एक बाई एकटी बसली होती. मांडीवर झोपलेलं मूल, मुलावर तिचा रेनकोट, आणि ती स्वतः चिंब भिजत होती. आजूबाजूचे लोक उठून चालले होते. तिने एकदा वळून त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा समोर. ती आनंदात नव्हती. चिडलेलीही नव्हती. ती फक्त तिथे होती आणि वेळ संपेपर्यंत तिथेच राहणार होती.

"हिचा संघ कुठला?" मी विचारलं.

"कोणाचा?"

"या बाईचा. तो माझा."

मी मान वळवली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"नको," ती म्हणाली. "दुसरा कुठलाही घे. हा नको."

तिच्या संघाचं आणि त्यांचं हाडवैर होतं. दोन्ही उपनगरं शेजारी-शेजारी, मध्ये एक रस्ता. त्या बाजूच्या बेकरीतून तिच्या बाबांनी जन्मात पाव आणला नाही.

"तूच म्हणालीस ना, बदलता येत नाही?"

"मी म्हणाले होते," ती म्हणाली, आणि पोट धरून इतकी हसली की मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाची नर्स, बघायला आली.

त्यानंतर आमचे दिवस जरा वेगळे जायला लागले. ती मला माझ्या संघाच्या जुन्या नाचक्क्या सांगायची, मी त्यांची बाजू घेऊन भांडायचे, खेळाडूंची नावं नीट उच्चारता येत नसताना. आई व्हिडिओवर ओरडायची, "अगं, ही कसली मारामारी बघतेस? पोटातलं पोर काय शिकेल!" पण सोमवार ते शुक्रवार लांबच लांब असायचे. संध्याकाळी घरी निघालेल्या लोकांच्या गाड्या पार्किंगमधून एकेक करून बाहेर पडायच्या तेव्हा आम्ही दोघीही खिडकीकडे बघत राहायचो. एकदा ती म्हणाली, "मी गाईंना असंच बांधून ठेवायला सांगते. वासरू होईपर्यंत हलू देऊ नका म्हणते आणि निघून जाते." तिच्याकडे बघावंसं वाटलं नाही मला.

आणि मग तिच्या आणि माझ्या संघाचा सामना आला. टॅबलेट दोघींच्या मध्ये चाकांच्या टेबलावर ठेवला. माझा संघ मागे होता, नेहमीप्रमाणे. सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा चालू असताना मिडवाइफने तिच्या पोटाला पट्टे लावले. घोडे दौडायला लागले. मग त्यातला एक हळू झाला. मिडवाइफने पट्टा सरकवला, कूस बदलायला सांगितली. तो परत धावला, आणि पुन्हा हळू झाला. टॅबलेटवर लोक ओरडत होते. मी टेबलावर हात टाकून आवाज बंद केला.

मग सगळं भराभर झालं. डॉक्टर आले, आणखी दोघी आल्या, कॉटच्या चाकांचे ब्रेक काढले. तिचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. जाताना तिने माझ्याकडे मान वळवली.

"शेवटपर्यंत बघ," ती म्हणाली. "तू मला स्कोअर सांगायचायस."

मी उठले, तिच्या मागे चालत गेले, आणि कॉरिडॉरचं दार माझ्यासमोर बंद झालं. त्याला मी हातही लावला नाही. परत आले तेव्हा जिथे तिची कॉट होती तिथे मोकळी जमीन होती आणि त्यावर तिची एक चप्पल.

मी सामना बघत बसले. मनातल्या मनात म्हणाले की माझे हरू देत. तिचे जिंकले तर मुली वाचतील, असलं काहीतरी डोक्यात घट्ट बसलं होतं. शिकलेली बाई मी, पण त्या क्षणी दुसरा कुठलाच आधार नव्हता. आणि माझा संघ, जो त्या मोसमात जवळजवळ सगळं हरला होता, तो एकेक गोल करत वर यायला लागला. "नको रे," मी मराठीत म्हणत होते, "नको, चुकव, चुकव." त्यांनी चुकवलं नाही. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा ते तीन गुणांनी पुढे होते. प्रौढ माणसं रडत एकमेकांना मिठ्या मारत होती. मी टॅबलेट पालथा घातला.

मिडवाइफला विचारलं तर तिने माझा हात दाबला. "मला नाही सांगता येत गं," ती म्हणाली, "दुसऱ्या पेशंटबद्दल." जेवण आलं, परत गेलं. खिडकीतून उन्हाचा पट्टा भिंतीवर सरकत होता. मी कुशीवर पडून माझ्याच पोटातल्या लाथा मोजत होते आणि त्याचीही लाज वाटत होती.

दुपार कलल्यावर तिचा नवरा आला. डोक्यावर अजून ऑपरेशन थिएटरची कागदी टोपी. तिच्या वस्तू गोळा करायला आला होता, पण आधी खुर्चीत बसला.

"दोघी आहेत," तो म्हणाला. "एकीला श्वासाला नळी लावलीय. दुसरी रडली. खूप रडली." त्याने जमिनीवरची तिची चप्पल उचलून मांडीवर ठेवली. "आणि तिने विचारलंय, स्कोअर काय?"

मी सांगितलं.

"हे मी तिला आत्ता सांगू?"

"सांग," मी म्हणाले. "नाहीतर ती स्वतः बघेल, आणि मग आपली दोघांची खैर नाही."

तो निघून गेला, टोपी तशीच. दोन दिवसांनी ती व्हीलचेअरमधून आली. पांढरीफटक, हातात मुलींचा फोटो. दोन्ही मुलींच्या डोक्यांवर लिंबाएवढ्या लोकरी टोप्या. मी फोटो बघून रडायला लागले तर ती म्हणाली, "रडू नकोस. चोरांनो, तो शेवटचा गोल नियमात नव्हता." आणि मग तीही रडली.

तिच्या जागी दुसरी बाई आली. तिला पडदा बंद आवडायचा. माझ्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, तिला अजून तीन आठवडे बाकी होते. शनिवारी मी फोनवर सामने बघायचे, कानात हेडफोन घालून, आणि माझा संघ पुन्हा रीतसर हरायला लागला. ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी सकाळी चादर गरम लागली. खाली बघायच्या आधीच मी बेल दाबली. या वेळी कॉरिडॉरचं दार माझ्यासाठी उघडलं, आणि छतावरचे दिवे एकामागून एक मागे जाताना बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मुलगा धडधाकट झाला. मला रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, पण मीही वाचले.

घरी सोडलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या मोठ्या काचेच्या दारातून बाहेर आले आणि पायरीवर थांबले. नवरा पुढे गाडीपर्यंत पोचला होता, एका हातात बाळाची सीट, दुसऱ्या हाताला मुलगी. आकाश फारच मोठं होतं. वारा तोंडावर येत होता. ते पार्किंग ओलांडायचं धाडस मला होईना.

"चल ना आई," मुलगी तिकडून ओरडली.

"आले," मी म्हणाले, आणि तरी बराच वेळ तिथेच उभी राहिले. शेवटी तीच परत आली आणि माझा हात धरून मला घेऊन गेली.